पांढरा चट्टा, गंजका शेंडा आणि मऊ बुंधा

प्रश्न : पुण्यात आमच्या पाचव्या मजल्यावरील घराला पश्चिमेकडे बाल्कनी आहे. गेल्या सहा वर्षांत मी पंचवीसेक कॅक्टस जमवले आहेत. जूनमध्ये पाऊस सुरू होताच लहान कुंड्या दिवाणखान्यात आणल्या. उंच सेरियस जड असल्यामुळे बाहेरच राहिला. दसऱ्याच्या साफसफाईत जिम्नोकॅलिशियम सोडून सगळ्या कुंड्या पुन्हा बाहेर ठेवल्या, तर चारच दिवसांत गोल्डन बॅरलच्या एका अंगाला पांढुरके चट्टे पडले; नंतर ते वाढलेले नाहीत. मॅमिलारियावर कापसासारखे पुंजके आहेत. दिवाणखान्यातच राहिलेल्या जिम्नोकॅलिशियमचा शेंडा गंजल्यासारखा दिसतो. सेरियस सुरकुतत चालला म्हणून पाणी वाढवले, तरी तो सुधारत नाही आणि आता त्याचा बुंधा तपकिरी झाला आहे. शेजाऱ्यांच्या मते ही सगळी बुरशीच आहे. दुकानातून आणलेले कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि नीम तेल एकत्र करून मी रविवारी सकाळी अकरा वाजता सर्व झाडांवर फवारले. त्यानंतर आणखी दोन झाडांवर डाग उमटले. आता कोणते औषध मारावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रासोबतची छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहिली. आपण औषध एक विचारले आहे आणि आपल्या बाल्कनीत दुखणी चार आहेत. त्यांपैकी एक तर रोग नव्हेच, आणि पाचवे दुखणे रविवारच्या फवारणीने निर्माण केले आहे. म्हणून पहिली विनंती अशी की, पुढील आठ दिवस कोणत्याही झाडावर कोणतेही औषध फवारू नये. सेरियस मात्र आठ दिवस थांबणारा नाही; त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

कॅक्टसवरचा डाग पाहताना मी रंगाकडे सर्वांत शेवटी लक्ष देतो, कारण तपकिरी रंग ऊन, लाल कोळी नावाचे सूक्ष्म जीव, कूज, जुनी जखम आणि निव्वळ वय या पाचही कारणांनी येतो. त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पेन्सिलीच्या बोथट टोकाने हलकेच दाबले असता डागाखालचा भाग टणक लागतो की आत जातो. डाग झाडाच्या कोणत्या भागात सुरू झाला, म्हणजे शेंड्याशी, बुंध्याशी, की एकाच अंगाला. आणि तो पसरतो आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आठवणीवर सोपवू नये. डागाच्या कडेला मार्कर पेनने बारीक ठिपके द्यावेत, छायाचित्र घ्यावे आणि आठ दिवसांनी डाग ठिपक्यांच्या बाहेर गेला आहे का ते पाहावे. दुकानातल्या कोणत्याही बाटलीपेक्षा या दोन-चार ठिपक्यांनी माझी झाडे अधिक वाचवली आहेत.

गोल्डन बॅरलचे चट्टे टणक आहेत, फक्त बाल्कनीच्या कठड्याकडील अंगाला आहेत, आणि आपल्याच सांगण्यानुसार चार दिवसांत जेवढे उमटले तेवढेच आजही आहेत. हे ऊन लागणे आहे, आणि त्यावर औषध नाही. मेक्सिकोच्या उघड्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या झाडाला पुण्याच्या ऑक्टोबरमधील ऊन कसे लागेल, असा प्रश्न आपल्याला पडला असणार. बहुतेक झाडे दिवसा पानांतून बाष्प सोडून स्वतःला थंड ठेवतात. कॅक्टस मात्र पाणी वाचवण्यासाठी आपली रंध्रे दिवसा मिटून घेतो आणि रात्री उघडतो, त्यामुळे भर उन्हात त्याचे अंग भोवतालच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी अधिक तापते. हा ताप सोसण्याची तयारी त्याची साल हळूहळू करते. ती जाड होते, तिच्यावर मेणाचा थर चढतो आणि काही जातींत तांबूस रंगद्रव्ये तयार होतात. आपले झाड साडेतीन महिने दिवाणखान्यात होते. त्या काळात आलेली वाढ कोवळी, फिकट आणि पातळ सालीची आहे, आणि तिला आपण एका सकाळीत पश्चिमेच्या उन्हासमोर ठेवले. रानातसुद्धा अनेक कॅक्टसची रोपे एखाद्या झुडपाच्या किंवा दगडाच्या आडोशाला रुजतात आणि मोठी झाल्यावरच पूर्ण उन्हाला तोंड देतात.

चट्टा कोणत्या अंगाला पडला आहे, यावरून तो कोणत्या महिन्यातला आहे हेही बऱ्याच वेळा सांगता येते. पुण्यात मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. आपण ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो हाच. त्यामुळे उघड्या गच्चीवर मे महिन्यात भाजलेले झाड शेंड्याकडून आणि खांद्यांवर भाजलेले असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा चट्टे दक्षिण अंगाला येतात. आपल्या बाल्कनीत वरच्या मजल्याचा सज्जा असल्याने डोक्यावरचे ऊन पोहोचतच नाही, पण दुपारनंतरचे तिरके ऊन नैऋत्येकडून सरळ आत येते, आणि आपले चट्टे नेमके त्याच बाजूला आहेत. बुरशी दिशा पाहून वाढत नाही. एकाच दिशेला तोंड असलेल्या तीन-चार कुंड्यांवर एकाच बाजूला डाग दिसले, तर प्रयोगशाळेची गरज उरत नाही.

पांढरे पडून कोरडे झालेले चट्टे आता बुजणार नाहीत; ते हळूहळू भुऱ्या, बुचासारख्या खपलीत बदलतील. शेंड्यातून नवी वाढ येत राहील तसतसा डाग खाली सरकत जाईल आणि काही वर्षांनी बुंध्याजवळ पोहोचेल. मात्र झाडाला नुसती लाल किंवा जांभळट झाक आली असेल तर घाबरू नये. बीटला लाल करणारी जी रंगद्रव्ये आहेत त्याच गटातील रंगद्रव्ये कॅक्टसमध्येही असतात. ती उन्हाचा ताण दाखवतात आणि सावली मिळाली की झाक पुष्कळदा ओसरते. सध्या कुंडी पन्नास टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटखाली ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांत रोज थोडे थोडे ऊन वाढवावे. भाजलेले अंग सावलीकडे यावे म्हणून कुंडी फिरवण्याचा मोह आवरावा. तसे केल्यास न सरावलेले दुसरे अंग उन्हात येते आणि तेही भाजते. नवीन झाड घेताना रोपवाटिकेत त्याचे कोणते अंग दक्षिणेकडे होते ते विचारून कुंडीवर खडूने खूण करण्याची माझी सवय विक्रेत्यांना विक्षिप्त वाटते, पण ती मी सोडलेली नाही.

आता रविवारच्या फवारणीविषयी. नंतर डाग आलेल्या दोन्ही झाडांच्या छायाचित्रांत ते कंगोऱ्यांवरून ओघळत खाली आलेले दिसतात आणि जिथे थेंब साचले असतील तिथे अधिक गडद आहेत. कीड किंवा कूज ओघळाच्या आकाराची नसते. नीम तेलाचा तवंग सालीवर असताना दुपारचे ऊन पडले की साल भाजते. शिवाय तेलाने आणि त्यात मिसळलेल्या साबणाने झाडाच्या अंगावरचा मेणाचा थर निघतो. निळसर कॅक्टसचा निळेपणा म्हणजे हाच थर, त्यामुळे अशा झाडांवर नीम तेल कधीच वापरू नये. इतर झाडांवर वापरायचेच असेल तर ऊन पूर्ण उतरल्यावर, एकट्याचे, आणि आधी एका कोपऱ्यात लावून तीन दिवस वाट पाहून वापरावे. दोन औषधे अंदाजाने एकत्र करणे तर टाळावेच.

सेरियसची बाब गंभीर आहे. पाणी वाढवले तरी सुधारत नाही, हे आपण ओघात लिहिले आहे. माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. तहानलेला कॅक्टस सुरकुततो आणि मुळे कुजलेला कॅक्टसही सुरकुततो, कारण दोघांनाही पाणी मिळत नसते. एकाच्या कुंडीत ते नाही म्हणून, आणि दुसऱ्याकडे ते ओढून घ्यायला मुळेच उरलेली नाहीत म्हणून. फरक कुंडीत बोट घालून कळतो. माती खालपर्यंत कोरडी आणि कुंडी हलकी असेल तर झाड तहानलेले आहे. भरपूर पाणी दिल्यावर काही दिवसांत ते पुन्हा टरारते. माती ओली असूनही झाड सुरकुतत असेल तर प्रत्येक तांब्यागणिक आपण कूज वाढवत असतो. ही चूक मी स्वतः एका पावसाळ्यात केली होती आणि कमरेएवढे झाड गमावले, तेव्हा आपल्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

पाऊस हा कॅक्टसचा शत्रू आहे, ही समजूतही थोडी दुरुस्त करावी लागेल. मेक्सिकोच्या ज्या भागांतून आपले पुष्कळसे कॅक्टस आले आहेत तिथेही पाऊस उन्हाळ्यातच पडतो. पण तिथे पाणी दगडगोट्यांतून लगेच निघून जाते आणि वारा अंग वाळवतो. आपल्या सेरियसच्या कुंडीत रोपवाटिकेची चिकट लाल माती आहे आणि खाली ताटली आहे. त्या ताटलीत जून ते सप्टेंबर पाणी साचलेले असणार. अशा ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत मुळांजवळ पाणबुरशी (नावाने बुरशी, पण खऱ्या बुरशीहून वेगळा, ओलीत पसरणारा जीव) शिरते, बुंध्याच्या जखमेतून फ्युजेरियमसारखी बुरशी वर चढते, आणि कधी मऊ कूज करणारे जिवाणूही येतात. त्या वेळी बुंधा पाणचट होतो आणि घाण वास सुटतो. यांतील पाणबुरशी आणि जिवाणू यांवर कार्बेन्डाझिम चालत नाही. फ्युजेरियमवर ते काही प्रमाणात चालते, पण कोणतेही बुरशीनाशक कुजलेला गर पूर्ववत करू शकत नाही. बुंध्याला लागलेल्या कुजीवर खरा उपाय सुरी हाच आहे.

त्याआधी एक खात्री करावी. वयामुळेही कॅक्टसचा बुंधा खालून वर तपकिरी होतो. तो भाग लाकडासारखा कठीण, कोरडा आणि चहूबाजूंनी सारखा असतो, आणि वर सरकायला त्याला वर्षे लागतात. आपल्या छायाचित्रात तपकिरी भागाची वरची कड ओलसर, पिवळट आणि एका बाजूला अधिक चढलेली दिसते, त्यामुळे मला तरी शंका नाही. तरीही पेन्सिलीने दाबून पाहावे. ती आत गेली तर त्याच दिवशी झाड कापावे.

धारदार सुरी सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावी. जाड हातमोजे घालावेत आणि खोड वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळून धरावे. मऊ भागाच्या चार बोटे वर आडवा छेद घ्यावा आणि कापलेल्या तोंडाकडे नीट पाहावे. मधोमध असलेले, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचे कडे संपूर्ण पांढरट-हिरवे असेल तरच तो छेद पुरेसा समजावा. कड्यात नारिंगी, तांबूस किंवा तपकिरी असा एक जरी ठिपका असेल, तर कूज नळ्यांतून आपल्या नजरेच्या पुढे गेली आहे. सुरी पुन्हा पुसून आणखी दोन बोटे वर कापावे, आणि कडे स्वच्छ दिसेपर्यंत हेच करत राहावे. सुरी न पुसता दुसरा छेद घेतला तर आपणच कूज निरोगी भागात नेतो. पुष्कळ जण इथे कचरतात. चार फुटांच्या झाडाचे दीड फूट उरले तरी चालेल. ठिपका ठेवून वाचवलेली उंची महिन्याभरात जातेच.

कापताना दुधासारखा पांढरा चीक वाहू लागला तर थांबावे. असे झाड सेरियस नसून कॅक्टस म्हणून विकलेला त्रिधारीच्या कुळातला निवडुंग असतो, आणि तो चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. (काही मॅमिलारियांनाही पांढरा चीक असतो, म्हणून नुसत्या चिकावरून कॅक्टस नाही असे ठरवता येत नाही, उभ्या, कंगोरे असलेल्या खांबांना मात्र ही परीक्षा सहसा लागू पडते.)

मॅमिलारियाकडे वळू. या झाडाच्या गाठींच्या बेचक्यांत पुष्कळदा जन्मतःच पांढरी लव असते, त्यामुळे फसगत होते. नैसर्गिक लव ओळीने, सगळीकडे सारखी आणि घट्ट असते. किडीचा कापूस इथे आहे, तिथे नाही असा विस्कळीत असतो, टूथपिकने उचलला जातो आणि बोटाला चिकटतो. आपल्या कुंडीवरून मुंग्यांची रांग चढताना दिसते, त्यामुळे निदान जवळपास निश्चित आहे. हे पिठ्या ढेकूण आहेत. ते रस शोषतात, गोड चिकटा सोडतात, आणि त्या चिकट्यासाठी मुंग्या त्यांना राखतात व एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. कापसाच्या एका पुंजक्यात शेकडो अंडी असू शकतात, म्हणून एकदा पुसून भागत नाही. कापूस गुंडाळलेली काडी त्याच अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक पुंजका संध्याकाळी पुसावा आणि दर आठवड्याला, असे निदान चार वेळा करावे. मुंग्यांची वाट बंद केल्याशिवाय मात्र हे काम संपणार नाही. कुंडी विटांवर, भिंतीपासून सुटी ठेवावी.

एवढ्यावर समाधान मानू नये. या किडीचे मुळांवर राहणारे भाऊबंदही आहेत आणि ते अधिक लबाड असतात, कारण वरून काहीच दिसत नाही; झाड फक्त वाढायचे थांबते. मॅमिलारिया कुंडीतून अलगद काढून पाहावा. कुंडीच्या आतल्या बाजूला आणि मुळांवर पिठासारखी निळसर-पांढरी भुकटी आढळली तर माती पूर्ण झटकून टाकावी, मुळे पाण्याने धुवावीत, सावलीत आठवडाभर वाळवून नव्या मातीत लावावे. प्रादुर्भाव फार असेल तर इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचे द्रावण मातीत घालता येते. मात्रा वेष्टनावर दिल्याप्रमाणेच घ्यावी, आणि ते स्वयंपाकघरातील भांड्यात कालवू नये. कुंडीच्या काठावर बाहेरून दिसणारी पांढरी, खरखरीत रेघ मात्र कीड नव्हे. ती बोअरच्या जड पाण्यातील क्षारांची आहे.

पांढऱ्या कापसाचा आणखी एक प्रकार आपल्याला गावाकडे शेताच्या बांधावरील फड्या निवडुंगावर दिसला असेल. तो पुंजका कागदावर चिरडला तर किरमिजी रंग उमटतो. ती कोचिनियल कीड. 1795 मध्ये रंगाच्या व्यापारासाठी ती भारतात आणली गेली, पण उत्तम रंग देणाऱ्या जातीऐवजी भलतीच जात आली. रंगाचा व्यापार काही उभा राहिला नाही. त्या किडीने फड्या निवडुंगाच्या एका जातीचा मात्र मोठ्या प्रमाणावर फडशा पाडला, आणि किडीकडून तण आवरण्याचे जगातील अगदी सुरुवातीचे उदाहरण म्हणून ही चूक शास्त्राच्या इतिहासात नोंदली गेली. शेतातला फडा हौसेने घरी आणणार असाल तर आधी कागदाची ही परीक्षा घ्यावी.

जिम्नोकॅलिशियमच्या शेंड्यावरील गंज हे लाल कोळ्याचे काम आहे. हे झाड बाहेर गेलेच नाही, म्हणजे ऊन बाद होते. डाग टणक आहे, म्हणजे कूज बाद होते. आणि तो कोवळ्या शेंड्यापासून सुरू होऊन खाली पसरतो आहे. वयाचा तपकिरीपणा बुंध्यापासून वर चढतो आणि कोळ्याचा शेंड्यापासून खाली उतरतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पांढरा कागद झाडाखाली धरून कुंडीला टिचकी मारावी. कागदावर पडलेले धुळीचे कण चालू लागले तर ते कोळी. काट्यांमधले बारीक जाळे दहापट भिंगातून दिसते, पण जाळे न विणणारे कोळीही असतात. कोळी हा कीटक नव्हे, आठ पायांचा जीव आहे, त्यामुळे पिठ्या ढेकणांसाठी आणलेले इमिडाक्लोप्रिड इथे उपयोगी पडत नाही. काही वेळा त्याने कोळ्यांची संख्या उलट वाढल्याचे दिसून आले आहे. कोरडी, गरम, कोंदट जागा त्यांना मानवते. झाड दोन-तीन दिवसांआड सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावे, कुंडीची माती भिजू नये म्हणून वर प्लास्टिक बांधावे, आणि वारा खेळणाऱ्या जागी ठेवावे. एवढ्याने आटोक्यात आले नाही तर पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारावे. मात्र आपल्याकडे नीम तेल नुकतेच फवारले गेले आहे. तेल आणि गंधक एकमेकांच्या पाठोपाठ आले तर साल भाजते, म्हणून मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत, आणि पारा बत्तिसाच्या वर असेल त्या दिवशी गंधक वापरू नये. गंजलेला भाग हिरवा होणार नाही. वर नवा हिरवा शेंडा दिसू लागला की उपाय लागू पडला असे समजावे.

सेरियसचा कापलेला खालचा भाग, कुंडीतील माती आणि ताटलीतील पाणी यांपैकी काहीही दुसऱ्या कुंडीत किंवा खताच्या डब्यात टाकू नये. वरचा निरोगी तुकडा सावलीत, हवेशीर जागी, रिकाम्या कुंडीत उभा ठेवावा. आडवा ठेवल्यास तो वाकतो आणि भलत्या बाजूने मुळे फोडतो. छेदावर गंधकाची भुकटी लावली तर उत्तम, न लावली तरी खपली धरते. दोन ते तीन आठवड्यांनी तोंड कडक आणि किंचित आत ओढलेले दिसले की जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडे गांडूळ खत यांच्या कोरड्या मिश्रणात दोन बोटे खोल रोवावे आणि काठीचा आधार द्यावा. थंडीत मुळे फुटायला वेळ लागतो, क्वचित फेब्रुवारीही उजाडतो, आणि तोवर खोड आणखी सुरकुतेल. ते पाहून हात तांब्याकडे जाईल, पण खोड हलकेच वर ओढल्यावर मातीने त्याला धरून ठेवल्याचे जाणवेपर्यंत पाणी देऊ नये.